काळ्या तबकडीवरील सोनेरी अक्षरे

जुन्या घड्याळांच्या काळ्या तबकडीवरील सोनेरी आकडे बहुधा रंगवलेले नसतात. मुलामा दिलेल्या पितळेवर आकडे रोगणाने झाकून उरलेला भाग काळा करतात. रोगण काढताच खालचे सोने उघडे पडते. छत्रपती संभाजीनगरातील बिदरी कलेतही नवसागर व मातीच्या लेपाने जस्त काळवंडते, चांदी उजळच राहते.

पुंडलिकनगरसारख्या दाट वस्तीत हा छंद जोपासताना सोन्याचे पाणी व्यावसायिकाकडूनच चढवून घ्यावे. त्यासाठीच्या सायनाइडच्या द्रावणात आम्ल मिसळल्यास प्राणघातक वायू सुटतो. काळे करण्याचे काम हातमोजे व चष्मा घालून खेळत्या हवेत करावे. अंधारात चमकणारा रंग लावलेली जुनी तबकडी खरवडू नये. चमक विझली तरी त्यातील रेडियमचा किरणोत्सर्ग शतकानुशतके टिकतो.