चाळिशीनंतरचं चालणं : पाय, मन आणि माळरान

मंडळी, विषय ऐकून तुमच्यातले काहीजण म्हणाले असतील, चालायला सांगायला तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक कशाला हवा? डॉक्टर पुरेसे आहेत. खरं आहे. पण डॉक्टर 'चाला' म्हणतात आणि माणसं चालतात कशी, हे मी रोज पहाटे बघतो. मनगटावर घड्याळ, कानात इअरफोन, हातात मोबाइल आणि गच्चीवर चाळीस फेऱ्या. दहा हजार पावलं झाली की कर्तव्य संपलं!

हा दहा हजारांचा आकडा आला कुठून? १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं. त्याच्या नावाचाच अर्थ 'दहा हजार पावलं मोजणारं' असा होता. म्हणजे आकडा मुळात विक्रीसाठीचा. तेव्हा आकडा गाठला नाही म्हणून जीवाला लावून घेऊ नका. चालण्याचं मोल मात्र खरंच आहे. १९५३ साली जेरेमी मॉरिस या डॉक्टरांनी लंडनच्या बसकर्मचाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. वय ३५ ते ६४, म्हणजे नेमकं आपल्या विषयाचं. दिवसभर बसून असलेल्या ड्रायव्हरांपेक्षा डबलडेकरचे जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. आणि साखरेचं म्हणाल तर चालताना पोटरी-मांडीचे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतात. आपल्याकडे जेवणानंतरची शतपावली होतीच. शंभर पावलांऐवजी दहा-पंधरा मिनिटं करा, एवढंच.

आता खरा प्रश्न. हे सगळं गच्चीवरही होत असेल, तर गावाबाहेर माळावर कशाला जायचं?

चाळिशी-पन्नाशीतल्या शहरी माणसाचं दुखणं नुसतं शरीराचं नसतं. मुलांचं शिक्षण, घराचा हप्ता, आईवडिलांचं आजारपण, ऑफिसात कोण काय बोललं. तेच ते मन पुन्हा पुन्हा चघळत राहतं. गाय रवंथ करते तेव्हा निदान चारा पचतो; माणसाच्या रवंथानं काहीच पचत नाही, उलट झोप जाते. २०१५ साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी शहरात राहणाऱ्या ३८ निरोगी माणसांवर एक प्रयोग केला. निम्म्यांना दीड तास गवताळ, तुरळक झाडांच्या भागात चालायला लावलं, निम्म्यांना वाहत्या रस्त्याच्या कडेनं. चालणं दोघांचंही दीड तासच. पण पहिल्या गटाचं हे रवंथ करणं कमी झालं आणि मेंदूच्या त्याच्याशी संबंधित भागातली हालचालही मंदावली. दुसऱ्या गटात तसं दिसलं नाही. प्रयोग लहान आहे, हे विसरू नका. पण दिशा कळते.

असं का व्हावं? रस्त्यावर लक्ष सतत राखावं लागतं. हॉर्न, खड्डा, मोटारसायकल. मोकळ्या जागी ते राखावं लागत नाही, आपोआप गुंततं. पळसाला फुलं आलीत का, टिटवी का ओरडतेय. ताणून धरलेलं लक्ष सैल सुटतं. आणि बघा, त्या प्रयोगातली जागा घनदाट जंगल नव्हती. आपल्या अजिंठा डोंगररांगेवरच्या माळासारखीच होती. बुलढाण्याच्या माणसाला ती विकत घ्यावी लागत नाही.

पण एक आक्षेप मी स्वतःच घेतो. कापूस वेचणारी बाई हे ऐकून हसेल. ती दिवसभर उघड्यावरच असते, आणि तिची कंबर नि गुडघे आपल्याआधी जातात. म्हणजे नुसतं झाड-आभाळ हे औषध नव्हे. वाकलेली पाठ, डोक्यावरचं ऊन आणि मजुरीचा हिशेब सोबत असला की माळ हे कामाचं ठिकाण होतं. लाभ होतो तो बिनकामाच्या चालण्याचा, आणि तेवढी फुरसत ज्याला आहे त्यानं तरी ती मोबाइलवर घालवू नये. इमॅन्युएल कांट रोज फिरायला जायचा, तोंड मिटून फक्त नाकानं श्वास घेता यावा म्हणून एकटाच. आमच्या भगिनींना मात्र मी एकटं जा म्हणणार नाही. दोघी-तिघी जा, गप्पा झाल्या तरी चालतील.

जायचं कुठं? ज्ञानगंगा अभयारण्यात सकाळचा फेरफटका नको. तिथं अस्वलं आहेत, बिबटे आहेत, आणि २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून हजारावर किलोमीटर पायी आलेला वाघही तिथंच पोचला होता. चालण्यात तो आपला गुरू, पण भेट नको. गावालगतचे पांदण रस्ते, तलावाची पाळ, टेकडीची सोंड पुरेशी आहे. एप्रिल-मे मध्ये खामगाव-मलकापूरकडच्या मंडळींनी ऊन चढायच्या आत घरी यावं.

लोणारला गेलात तर एक ध्यानात ठेवा. डोंगरावर दम आधी लागतो आणि परतताना उतार मिळतो. लोणारच्या विवरात उलटं आहे. ताजेतवाने असता तेव्हा उतार, दमल्यावर दीडेकशे मीटरची चढण. हृदयाचा त्रास असेल त्यानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाली उतरू नये, काठावरूनही सरोवर पूर्ण दिसतं. आणि गुडघे कुरकुरत असतील तर काठी घ्या, त्यात लाज कसली?