उद्योग-संकेतांकाला आव्हान

संघीय सरकारच्या मुख्य कंत्राटांच्या एकूण मूल्यापैकी किमान २३ टक्के वाटा लघुउद्योगांना मिळावा, असे अमेरिकेत वैधानिक उद्दिष्ट आहे. मात्र ‘लघु’ कोण, हे निविदेला दिलेल्या सहा अंकी उद्योग-संकेतांकावरून ठरते. वस्तुनिर्माणात कर्मचारीसंख्या, तर सेवांत बहुधा सरासरी वार्षिक उलाढाल हा निकष असतो. त्यामुळे एकच कंपनी एका संकेतांकाखाली लघु, तर दुसऱ्याखाली मोठी ठरू शकते.

कंत्राट अधिकाऱ्याने निवडलेला संकेतांक कामाच्या मुख्य उद्देशाशी विसंगत वाटल्यास बाधित उद्योजकाला निविदा निघाल्यापासून १० दिवसांत लघुउद्योग प्रशासनाच्या सुनावणी व अपील कार्यालयाकडे दाद मागता येते. चूक सिद्ध करण्याची जबाबदारी त्याचीच असते. मुदत टळल्यावर यशस्वी स्पर्धकाच्या आकारमानाला आक्षेप घेता येतो, संकेतांकाला नव्हे. राखीव वाट्याचा लाभ कोणाला, हे अशा प्रकारे स्पर्धेपूर्वीच निश्चित होते.