हात वर धरून बसलेल्याला उचलतात कसं?



शाळेला सुट्टी लागली की घराघरांतून मोबाइलचा ढिशुम-ढिशुम आवाज सुरू होतो. पोरं मारामारीचा खेळ खेळत असतात आणि आपण चुलीपाशी बसून ‘ठेव तो मोबाइल’ एवढंच ओरडतो. आज ओरडण्याआधी त्या खेळात नेमकं काय चाललेलं असतं ते समजून घेऊ. सगळा खेळ नको, त्यातली एकच गोष्ट घेऊ. ती म्हणजे फेक. समोरच्याला धरायचं, उचलायचं आणि आपटायचं. जत्रेतली कुस्ती पाहिलेल्या बाईला ही गोष्ट चटकन कळेल.

टेकन, स्ट्रीट फायटर ही या खेळांची नावं. टेकन 1994 साली जपानमध्ये आला. पुढे शहरांतल्या व्हिडिओ पार्लरमध्ये पोरांच्या त्यावर उड्या पडायच्या. हा निव्वळ पोरखेळही राहिलेला नाही. 2023 साली चीनमध्ये हांगझोउला आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या, तेव्हा स्ट्रीट फायटर हा पदकाचा खेळ होता.

या खेळात तीन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या असतात. पहिली ठोसा किंवा लाथ. दुसरी बचाव, म्हणजे हात आडवे धरून मार अंगावर न घेणं. तिसरी फेक. बचाव ठोशाला अडवतो. फेक बचावाला मोडते. आणि फेकायला पुढे आलेल्याला ठोसा गाठतो. तिघींपैकी कायमची मोठी कुणीच नाही. म्हणून नुसतं बटण बडवणारं पोर हरतं आणि समोरचा आता काय करील हे ओळखणारं पोर जिंकतं.

फेक खेळात कशासाठी ठेवलीय, हे इथे लक्षात येईल. ती नसती तर एकजण बचाव धरून नुसता बसून राहिला असता आणि त्याला कुणी हलवूच शकलं नसतं. फेक त्याला सांगते की बाबा, नुसतं हात वर धरून भागायचं नाही.

पण नवशिक्या पोरांची फेक लागत नाही. त्याची कारणं दोन. पहिलं कारण अंतर. ठोसा लांबून लागतो, फेकीला मात्र अगदी अंगाजवळ जावं लागतं. लांबून पकडायला गेलं की हात हवेत जातात आणि तेवढ्यात समोरचा मारतो. दुसरं कारण घाई. समोरचा मोकळा उभा असताना, मारायच्या तयारीत असताना पकडायला गेलं तर मारच बसणार. चांगला खेळाडू आधी दोन-तीन ठोसे देतो. ते लागले नाहीत तरी त्याला वाईट वाटत नाही, कारण समोरच्याला बचाव धरायची सवय लावायची असते. तो बचावात स्थिर झाला की दोन पावलं पुढे जायचं आणि उचलायचं. पुढच्या वेळी तोच माणूस फेकीच्या धाकाने बचाव सोडतो, हालचाल करतो. मग ठोसा लागतो. फेकीचा खरा उपयोग हा असा दुहेरी आहे. एकदा लागली की तिचा धाकही काम करतो.

फेकीतून सुटताही येतं. पकड बसल्यावर क्षणभरात योग्य बटण दाबलं की पकड सुटते. टेकनमधल्या काही पकडींमध्ये समोरच्याचा कोणता हात पुढे आला हे पाहून सुटकेचं बटण ठरतं. त्यामुळे सारखी एकच फेक टाकणाऱ्याची फेक लवकरच ओळखली जाते. ज्याला शिकायचंय त्याने सरावाच्या भागात जाऊन एक फेक, एक ठोसा आणि एक सुटका एवढंच घोटावं. वीस डाव अर्धेमुर्धे येण्यापेक्षा हे तीन पक्के आलेले बरे.

आता मोबाइल बाजूला ठेवू आणि आपल्या मातीत येऊ. हेच गणित आपल्या तालमीत फार जुनं आहे. धोबीपछाड हा शब्द आपण बोलण्यात सहज वापरतो. तो मुळात कुस्तीचा डाव. धोबी कपडा खांद्यावरून घेऊन दगडावर आपटतो, तसं समोरच्याला खांद्यावरून घेऊन टाकायचं. ढाक, कलाजंग, टांग अशी डावांची किती नावं आहेत!

मोबाइलमध्ये एका बटणावर माणूस उचलला जातो. मातीत किंवा मॅटवर तसं होत नाही. तिथे फेकीचे चार टप्पे असतात. पहिला पकड. दुसरा तोल. डोक्यावर हंडा घेऊन चढ चढणाऱ्या बाईला तोल म्हणजे काय हे सांगायला नको. वजन दोन्ही पायांवर सारखं असेल तोवर माणूस हलत नाही; ते एका पायावर किंवा टाचेवर गेलं की थोड्या ओढीने जातो. म्हणून पैलवान आधी ढकलतो. समोरचा उलटा जोर लावून पुढे येतो आणि त्याच जोराचा उपयोग करून त्याला ओढायचं असतं. तिसरा टप्पा कंबर. भाताचं पोतं उचलताना आपण गुडघ्यात वाकतो, पोतं अंगाशी घेतो आणि पायांच्या जोरावर उठतो. फेकीतही आपली कंबर समोरच्याच्या कंबरेखाली न्यावी लागते. नुसत्या हातांनी उचललं तर पाठ धरते. चौथा टप्पा सोबत जाणं. टाकून मोकळं व्हायचं नाही, पकड न सोडता त्याच्यावर ताबा ठेवायचा.

मॅटवरच्या कुस्तीतही बचाव धरून बसणाऱ्याला मोकळीक नाही. डाव प्रत्येकी 3 मिनिटांच्या दोन फेऱ्यांत होतो. कुणी नुसतं टाळत राहिलं तर पंच ताकीद देतात, मग 30 सेकंदांचं घड्याळ लावतात. तेवढ्यात कुणालाच गुण मिळाला नाही, तर समोरच्याला गुण जातो. साध्या ताब्याला 2 गुण, उभ्याने पाठ मॅटकडे करून टाकलं तर 4 आणि उंचावरून मोठी फेक असेल तर 5 गुण मिळतात. दोन्ही खांदे मॅटला टेकवले की चितपट, कुस्ती तिथेच संपली.

2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये साक्षी मलिक ब्राँझपदकाच्या कुस्तीत 0-5 अशी मागे होती. ती बचावात बसली नाही. पुढे जात राहिली आणि 8-5 ने जिंकली. ऑलिंपिकमध्ये बायकांची कुस्ती 2004 साली आली. आपल्याकडे पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा 2023 साली सांगलीत झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती गदा जिंकली. आपला भागही मागे नाही. 2020 चा महाराष्ट्र केसरी हर्षवर्धन सदगीर हा शेजारच्या अकोले तालुक्यातला, आणि त्याने सराव केला तो आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या भगूरच्या तालमीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मोबाइलमधली फेक पोरं अंगणात करून पाहतात. खेळातला माणूस आपटला तरी उठून उभा राहतो. आपलं पोर ओट्यावर, फरशीवर मानेवर पडलं तर जन्माचं अपंगत्व येऊ शकतं. म्हणून तालमीत फेकायच्या आधी पडायला शिकवतात. हनुवटी छातीशी घ्यायची, डोकं टेकू द्यायचं नाही, हात टेकून अंग तोलायचं नाही, कारण त्याने मनगट मोडतं. माती खणून मऊ केलेली असते, तीत तेल, ताक, हळद घातलेली असते. ते लाड नाहीत, ती काळजी आहे. घरी एवढा नियम करा: मोबाइलमध्ये कितीही फेका, अंगणात फेकायचं नाही. आणि कुणी मानेवर पडलंच, हातापायांना मुंग्या येताहेत म्हणालं किंवा हलेना, तर उचलून बसवू नका, मान हलवू नका, पाणी पाजू नका. आहे तसं झोपू द्या आणि 108 ला फोन करा.

मुलीला खरी कुस्ती शिकायचीच असेल तर ‘मुलीची जात’ म्हणून दार लावू नका. तालमीत जाऊन चार गोष्टी विचारा. शिकवणारे पडायला आधी शिकवतात का? मॅट किंवा खणलेली माती आहे का? मुली आणखी किती आहेत, कपडे बदलायला जागा आणि संडास आहे का? आईला कधीही येऊन पाहता येतं का? आणि वजन कमी करायच्या नावाखाली पोरीला उपाशी ठेवत असतील तर स्पष्ट नाही म्हणा.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय काढा. कुणाच्या मुलीला शिकायचंय ते कळेल. एकटी पोर तालमीत जायला बिचकते आणि एकटी आई विचारायला बिचकते. चौघीजणी मिळून गेल्या तर उत्तरं नीट मिळतात, आणि पोरींनाही सरावाला जोडीदार मिळते. जोडीदाराशिवाय फेक शिकता येतच नाही.