माशांचे दिवे

पुलावरून नदीकडे पाहिले, तर काय दिसते? आकाशाचे प्रतिबिंब. खाली कोण राहते, त्याचा पत्ता लागत नाही. नाताली जेरेमिजेन्को या कलावतीने २००९ साली डेव्हिड बेंजामिन आणि सू-इन यांग या वास्तुशिल्पज्ञांसह न्यूयॉर्कच्या ब्राँक्स नदीत व ईस्ट रिव्हरमध्ये (ही नावाची नदी, खरी सामुद्रधुनीच) तरंगत्या नळ्या सोडल्या. पाण्याखाली संवेदक, वर दिवे. खालून मासा गेला, की वर दिवा उजळे!

मासा कळतो कसा? गढूळ पाण्यात प्रकाश लवकर विरतो. ध्वनी मात्र सेकंदाला सुमारे १५०० मीटर वेगाने दूरवर जातो. मासेमारी बोटींवरची मत्स्यशोधक यंत्रे म्हणूनच प्रतिध्वनी टिपतात. गंमत अशी, की तो मुख्यतः माशाच्या पोटातील वाताशयावरून, म्हणजे हवेच्या पिशवीवरून येतो. मांस ध्वनीच्या दृष्टीने जवळपास पाण्यासारखेच!

मासा दिसला, पण तो सुखात आहे का? शून्य अंश सेल्सिअसला लिटरभर गोड्या पाण्यात सुमारे १४.६ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांना जेमतेम ७.५. त्यात सांडपाणी मिसळले, की आणखी घट. घुसमटणारा मासा ओरडत नाही. म्हणून इथे पाण्याची प्रतही मोजली जाई, आणि काठावरून कोणी भ्रमणध्वनीवर संदेश धाडला, तर पाण्याची व माशांची खबर उलट टपाली येई.