ओळख नाही म्हणून धंदा अडलाय? मग ही अमेरिकेतली गोष्ट वाचाच



"सर, माल चांगला आहे, पण आपली कुठे ओळख नाही." प्रत्येक सेशनला हे वाक्य ऐकू येतंच. आज ओळखीबद्दलच बोलू. त्यासाठी जरा लांब, अमेरिकेत जाऊ.

तिथल्या कॉलेजांत मुलींच्या 'सोरोरिटी' असतात. सोरोरिटी म्हणजे सभासद मुलींची संघटना. एकत्र राहायचं, समाजकार्याला निधी जमवायचा आणि कॉलेज सुटलं तरी नातं टिकवायचं. अशा संघटनांचं एक राष्ट्रीय मंडळ आहे. त्याची सुरुवात १९०२ सालची.

प्रवेशाच्या काळाला 'रश' म्हणतात. अलाबामा विद्यापीठात ऑगस्टमध्ये दोन हजारांहून जास्त मुली यात उतरतात. प्रत्येक घरात थोडा वेळ गप्पा, मग पुढचं घर. एवढ्या गर्दीत तुमचा चेहरा कोण लक्षात ठेवणार?

इथे कामाला येतं शिफारसपत्र. ते मुलगी स्वतः देत नाही. त्या संघटनेची जुनी सभासद ते लिहिते आणि परस्पर पाठवते. दक्षिणेकडच्या राज्यांत तर प्रत्येक संघटनेसाठी निदान एक पत्र हवंच, अशी रीत पडली. मग आया कित्येक महिने आधीपासून ओळखी शोधायच्या आणि बायोडेटा, फोटो, मार्क यांची पाकिटं वाटायच्या.

आता नीट बघा. पत्रामुळे प्रवेश पक्का होत नाही. निवड आतल्या मुलीच करतात. पत्र फक्त सांगतं, "हिला मी ओळखते, हिच्याकडे लक्ष द्या." म्हणजे चिठ्ठी दार उघडते, आत टिकायचं ते आपल्या जोरावर. धंद्यातही तेच आहे. रेफरन्समुळे पहिली ऑर्डर येईल. दुसरी ऑर्डर तुमचा माल आणतो.

पण या नाण्याला दुसरी बाजूही आहे. २०१३ मध्ये त्याच विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या 'क्रिमसन व्हाइट' या वृत्तपत्राने एक बातमी छापली. उत्तम मार्कांच्या एका कृष्णवर्णीय मुलीला सगळीकडून नकार मिळाला होता. एका संघटनेतल्या मुली तिला घ्यायला तयार होत्या, पण माजी सभासद आडव्या आल्या. कारण काय पुढे केलं? शिफारसपत्राची अट! गाजावाजा झाला, विद्यापीठाने प्रवेश पुन्हा खुले करायला लावले आणि कृष्णवर्णीय मुली आत आल्या. पुढे २०२० नंतर अनेक संघटनांनी पत्राची सक्तीच काढून टाकली. जिच्या घरात आई, मावशी कुणीच सभासद नव्हतं, तिने पत्र आणायचं तरी कुठून?

मित्रांनो, ओळख नसलेली ती मुलगी म्हणजे आज तुम्ही आहात. उद्या तुम्ही मालक व्हाल, माणसं ठेवाल. तेव्हा "कुणाच्या ओळखीने आलास?" हा पहिला प्रश्न विचारू नका. आधी त्याचं काम बघा. नाहीतर ज्या दाराबाहेर तुम्ही ताटकळलात, तेच दार तुम्ही दुसऱ्याच्या तोंडावर लावाल.

आता आजचा होमवर्क:

१. ज्यांनी तुम्हाला पैसे मोजून काम दिलं, अशा ५ जणांची नावं लिहा. मोठा माणूस नको, अनुभव घेतलेला माणूस हवा.

२. त्यांना "चांगलं लिहा" असं म्हणू नका. "दिवाळीला दोनशे बॉक्स वेळेवर मिळाले का, तेवढंच लिहा" असं सांगा. नेमकी ओळ विश्वास देते.

३. एकही ग्राहक नसेल तर सॅम्पल द्या, छोटी ऑर्डर घ्या, ती चोख पोचवा. तुमची पहिली चिठ्ठी तिथेच तयार होते.

४. कुणी तुमच्याकडे शिफारस मागितली तर जेवढं माहीत आहे तेवढंच सांगा. शब्द टाकला की त्यात आपलंही नाव अडकतं.

ओळख वारशाने मिळाली तर उत्तम. नाही मिळाली, तर एकेक ऑर्डर करत कमवायची. वेळ लागेल, पण ती तुमची स्वतःची असेल.

चला तर मग, यादी आजच करा. भेटू पुढच्या व्हिडिओत!