टाइल बसण्याआधी

दिवाळी तोंडावर आली की सोसायट्यांमधून एक दृश्य हमखास दिसतं. खालच्या घरात बाथरूमच्या छताला पिवळट डाग पडलेला असतो. रंगारी त्यावर पुट्टीचा हात फिरवतो. वरच्या घरी प्लंबर येतो, टाइलच्या फटींत व्हाइट सिमेंट भरतो आणि जातो. दोघांचे पैसे चुकते होतात. संक्रांतीपर्यंत डाग पुन्हा वर आलेला असतो.

गळती कुठून आहे हे न पाहता ती बुजवायला निघालेल्या माणसाचा मला फार राग येतो, कारण शोधायला छन्नी लागत नाही. टाकीकडून येणारा मुख्य कॉक रात्रभर बंद ठेवा. खालची ठिबक थांबली, तर दोष भिंतीतल्या भरल्या पाइपात. ठिबक आंघोळीनंतरच वाढत असेल, तर तो सांडपाण्याच्या वाटेवर. मग नहाणी ट्रॅपच्या तोंडात फडक्याचा घट्ट बोळा बसवायचा आणि फरशीवर बोटभर रंगीत पाणी तुंबवून ठेवायचं. रंग खाली उतरला तर वॉटरप्रूफिंग गेलेलं आहे. उतरला नाही आणि बोळा काढल्यावर उतरला, तर ट्रॅपचा जोड. एवढं केल्याशिवाय फोडाफोडीचा दर सांगणाऱ्याला काम देऊ नये.

नवीन काम असेल तर जोडांपाशी उभं राहा. पांढरा यूपीव्हीसी पाइप थंड पाण्याचा, फिकट पिवळसर सीपीव्हीसी गरम पाण्याचा. चार पैसे वाचवायला गिझरच्या लाइनवर यूपीव्हीसी टाकला, तर तो उष्णतेने मऊ पडतो आणि वाकतो. दोन्हींचं सोल्यूशनही वेगळं असतं. चांगला कारागीर पाइप काटकोनात कापतो, कापलेल्या कडेचा कीस काढतो, तोंड पुसतो, सोल्यूशन लावतो, पाइप आत सारताना पाव फेरा फिरवतो आणि काही सेकंद हातात दाबून धरतो. जोडाभोवती सोल्यूशनची बारीक, सलग कडी उमटली तर काम नीट झालं. ओघळ आले असतील, किंवा कडी अर्ध्यातच तुटली असेल, तर तिथे बोट ठेवून विचारा. गरम पाण्याचा पाइप लांबतोही: 3 मीटरचा सीपीव्हीसी 50 अंशांनी तापला की साधारण 9 मिलिमीटर वाढतो. लांबलचक पाइप दोन्ही टोकांना सिमेंटमध्ये घट्ट जखडला, तर तो ताण कुठल्या तरी एल्बोवर येणारच.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त टाळली जाणारी: टेस्टिंग. जोड पूर्ण वाळू द्यायचे, मग सगळी तोंडं प्लगने बंद करून हातपंपाने दाब भरायचा आणि गेजचा काटा कुठे आहे ते लिहून ठेवायचं. काटा उतरला तर कुठेतरी गळतंय. भिंतीतल्या झिऱ्या बुजण्याआधी हे करायला एखादा दिवस पुरतो. टाइल लागल्यावर तोच जोड शोधायला अख्खी भिंत जाते. ‘वीस वर्षं करतोय, टेस्टिंगची गरज नाही’ असं जो म्हणतो, त्याच्या वीस वर्षांतल्या गळत्या कोणी मोजलेल्या नसतात.

दाबाबद्दलचा एक सल्ला घरोघरी ऐकू येतो. वरच्या मजल्यावर शॉवर मंद येतो, म्हणून ‘एक इंची पाइप टाका, प्रेशर वाढेल’. दाब ठरतो टाकीतलं पाणी किती उंच आहे त्यावरून. 10 मीटर उंचीला साधारण एक किलो दाब मिळतो. टाकी शॉवरच्या 3 मीटर वर असेल, तर फार तर 0.3 किलो. जाड पाइपाने वाटेतला अडथळा कमी होतो, टाकीची उंची काही वाढत नाही. तिथे टाकी उचलायची, नाहीतर प्रेशर पंप बसवायचा.

पण चुकीच्या सल्ल्यांतला एक जीवघेणा आहे. गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडतात, म्हणून कोणी तिथे प्लग ठोकून देतो. 15 लिटर पाणी 20 वरून 60 अंशांपर्यंत तापलं की जवळपास पाव लिटरने वाढतं. मागे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असेल, तर त्या वाढलेल्या पाण्याला तीच एक वाट असते. तापताना पडणारे थेंब म्हणजे व्हॉल्व्ह आपलं काम करतोय. गिझर बंद असतानाही गळत असेल, तर व्हॉल्व्ह बदला. त्याचं तोंड मात्र कधीही, कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. थर्मोस्टॅट अडकला, तर बंद टाकीचा बाँब होतो.

आमच्या घराचं काम झालं तेव्हा प्रत्येक भिंतीचे फोटो मी टाइल लागण्याआधी काढले, प्रत्येक पाइपाशेजारी मोजपट्टी धरून. सहा वर्षांनी टॉवेलचा दांडा बसवायला मिस्त्री ड्रिल घेऊन आला, तेव्हा मोबाइल पुढे केला. त्याने खूण पुसली आणि चार इंच डावीकडे नवीन केली.