टपालातील कोंडा आणि दाणे

धान्य पाखडताना कोंडा उडावा, पण दाणा सुपातच राहावा, हे कसब तुम्ही घरी पाहिले असेल. संगणकावरील टपालालाही असेच पाखडावे लागते.

मे १९७८ मध्ये अमेरिकेत गॅरी थर्क या विक्री-अधिकाऱ्याने अर्पानेट जाळ्यावरील सुमारे ४०० जणांना एकच जाहिरात धाडली. न मागता येणाऱ्या अशा पत्रांना आज ‘स्पॅम’ म्हणतात.

ती ओळखण्यासाठी मेल सर्व्हरवर ‘स्पॅमअसॅसिन’सारखी चाळणी बसवतात. ती प्रत्येक पत्राला अनेक कसोट्या लावून गुण देते. येथे जास्त गुण म्हणजे जास्त संशय! बेरीज ५ झाली, की स्पॅमचा शिक्का बसतो.

शब्दांवरूनही ती पत्र ओळखायला शिकते. मात्र त्याआधी तिला निदान २०० चांगली व २०० वाईट पत्रे दाखवावी लागतात.

समजा, शिष्यवृत्तीचे पत्रच अडकले, तर? घाईने मर्यादा वाढवू नका. मग स्पॅमही आत शिरेल. पत्राच्या शीर्षभागात एकूण गुण व लागू पडलेल्या कसोट्या नोंदलेल्या असतात. त्या वाचा, चूक शोधा आणि ते पत्र ‘चांगले’ म्हणून चाळणीला शिकवा.

म्हणूनच संशयित पत्रे नष्ट न करता वेगळ्या कप्प्यात ठेवावीत. थोडा कोंडा राहिला तरी चालेल, दाणा मात्र वाया जाता कामा नये!